१२७ अंशांचा कॉम्प्युटर!

“मामा, लवकर या! आपला कॉम्प्युटर जळून राह्यला!”

२०२४ च्या मे महिन्यातली दुपार. मी अमरावतीला, फोन अकोल्याहून. बोलत होती माझी भाची, नुकतीच नववी पास होऊन दहावीत गेलेली.

“जळतोय म्हणजे? धूर निघतोय का?”

“नाई. पण १२७ डिग्री दाखवून राह्यला! दुकानवाले म्हणतात का प्रोसेसर गेला, नवाच घ्या आता.”

दोस्तांनो, १२७ अंश म्हणजे किती याचा जरा विचार करा. पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणजे ताईच्या घरातल्या त्या पेटीवर चहाचं आधण सहज ठेवता आलं असतं! आणि एवढं तापूनही ती पेटी सकाळभर व्यवस्थित चालत होती. ती बंद पडायची फक्त दुपारी, दोन-अडीचच्या सुमाराला. आधी मंद व्हायची, पानं उघडायला वेळ लावायची आणि मग एकदम खट्‌! पडदा काळा.

एरवी मी म्हटलं असतं, येतो सवडीनं. पण ताई घरी बसून मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. २७ मेला दहावीचा निकाल लागला होता आणि तिच्या ओट्यावर मुलांची रांग होती. अर्धा फॉर्म भरून झाला की कॉम्प्युटर बंद. पुन्हा पहिल्यापासून. दोन मुलं कंटाळून दुसरीकडे निघून गेली होती. नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर पुढच्या चार-सहा महिन्यांची कमाई त्यातच जाणार. मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी पकडली.

त्या आठवड्यात अकोल्यात काय उकाडा होता म्हणून सांगू! पारा ४५ च्या वर गेला होता. जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत चक्क १४४ कलम लावलं होतं. दंगलीसाठी नव्हे बरं का, उन्हासाठी! खासगी शिकवण्यांनाही दुपारच्या वेळा टाळायला सांगितलं होतं. बडनेरा सोडलं आणि खिडकीतून असा वारा यायला लागला, जणू कोणी भट्टीचं दारच उघडून ठेवलंय.

घरी पोचलो तर भाची वही घेऊन तयारच. पडद्यावर तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम चालू होता. त्यात तीन ओळी. पहिली मदरबोर्डची, ४६ अंश. दुसरी प्रोसेसरची, ७१. तिसऱ्या ओळीला धड नावही नव्हतं, पण तिच्यापुढे लाल अक्षरांत १२७.

“यातला खरा आकडा कोणता?” मी विचारलं.

“सगळेच खरे असतीन ना! कॉम्प्युटर कायले खोटं बोलीन?”

इथेच तर खरी गोम आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, पण त्याला जे कळलं तेच तो सांगतो. आणि त्याला ते कळतं कसं, हे ठाऊक नसेल तर आपली फसगत होते.

आधी हे तापमान मोजतं कोण ते पाहू. प्रोसेसरच्या आत पारा नसतो की काचेची नळी नसते. असतो तो सिलिकॉनचाच एक सूक्ष्म डायोड. त्यातून थोडासा विद्युतप्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमध्ये काही व्होल्टेज मिळतं. तापमान एक अंशानं वाढलं की हे व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनं कमी होतं. एवढाच त्याचा थर्मामीटर! व्होल्टेज किती उतरलं ते मोजायचं आणि त्यावरून तापमान काढायचं. असेच काही सेन्सर मदरबोर्डवरही असतात आणि त्यांचे आकडे गोळा करायला तिथे एक वेगळी चिप असते.

आता तिसरी ओळ. मी भाचीला म्हटलं, “कॉम्प्युटर बंद कर. अर्ध्या तासानं लाव आणि हा आकडा बघ.” अर्ध्या तासानं पाहिलं तर १२७! फॉर्म भरताना १२७. नुसता ठेवला तरी १२७. उन्हातही तोच, रात्रीही तोच. आता मला सांगा, ज्याचा काटा कधी हलतच नाही, ते घड्याळ चालू म्हणायचं की बंद?

हा १२७ आला कुठून तेही गमतीचं आहे. ती चिप बरेचदा तापमान आठ बिटांत, म्हणजे एका बाइटमध्ये लिहिते. शून्याच्या खालचे आकडेही लिहायचे असतील, तर एका बाइटमध्ये उणे १२८ पासून अधिक १२७ पर्यंतच जाता येतं. १२७ हा त्या पट्टीवरचा शेवटचा आकडा! चिपमध्ये तीन-चार सेन्सर जोडायची सोय असते. मदरबोर्ड बनवणारा सगळे जोडतोच असं नाही. जिथे काहीच जोडलेलं नाही, तिथूनही प्रोग्रॅम आकडा मागतो आणि मग काटा पट्टीच्या टोकाला जाऊन बसतो. कोणाच्या कॉम्प्युटरवर तो उणे १२८ दिसतो, कोणाच्या २५५. सगळे एकाच जातीचे.

म्हणजे ज्या आकड्यानं सगळ्या घराची झोप उडवली, तो रिकाम्या खोलीतून आलेला आवाज होता! पण मग कॉम्प्युटर दुपारी बंद का पडत होता? प्रोसेसरची ओळ तर ७१ म्हणत होती, बंद पडण्याआधी फार तर ८३. दुकानदारांनीही तिकडे पाहून “हे तर ठीक आहे” असंच म्हटलं होतं. मला मात्र आता त्या ‘ठीक’ आकड्याचाच संशय यायला लागला.

त्याची परीक्षा घ्यायची कशी? फार सोपी युक्ती आहे. कॉम्प्युटर रात्रभर बंद ठेवायचा. सकाळी खोलीचं तापमान मोजायचं. मग कॉम्प्युटर लावायचा आणि पहिल्या मिनिटातच प्रोसेसरचा आकडा पाहायचा. तो खोलीपेक्षा थोडा जास्त हवा. खोलीपेक्षा कमी कधीच नाही!

पण खोलीचं तापमान मोजायला घरात थर्मामीटर कुठे? होता तो फक्त तापाचा, पाऱ्याचा जुना. धाकट्या भाच्यानं तो टेबलावर ठेवला आणि थोड्या वेळानं ओरडत आला, “आई, टेबलाले १०५ ताप आला!” आम्ही पोट धरून हसलो. पण खरंच की! खोलीत साडेचाळीस अंश सेल्सियस, म्हणजे १०५ फॅरनहाइटच्या अगदी जवळ. तापाच्या थर्मामीटरची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सियसपर्यंत असते. वऱ्हाडातल्या मे महिन्यातली खोली नेमकी त्याच पट्टीत बसते. (ही युक्ती पुण्या-मुंबईच्या मुलांनी करून पाहू नये, जमणार नाही! आणि पारा आपणहून खाली उतरत नाही, दरवेळी थर्मामीटर झटकावा लागतो. तो मोठ्यांनी झटकलेला बरा, काच फुटली तर पारा विषारी.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती जमलो. वरचा स्लॅब रात्रभर तापलेलाच होता. खोली ९७ फॅरनहाइट, म्हणजे ३६ सेल्सियस. बटण दाबलं, प्रोग्रॅम उघडला. प्रोसेसर... २७!

“म्हणजे आपल्या प्रोसेसरले एसी लावला का कोणी?” भाची म्हणाली.

खोलीत ३६ आणि चालू प्रोसेसर २७? अशक्य! पंखा म्हणजे काही फ्रिज नव्हे. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं, ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. पंखा फक्त खोलीतली हवा त्याच्यावर ढकलतो. ती हवाच ३६ अंशांची असेल, तर प्रोसेसर ३६ च्या खाली जाणार कसा? म्हणजे हा आकडाही चूक. १२७ घाबरवत होता आणि हा गोड बोलून फसवत होता. मला विचाराल तर दुसरा जास्त धोक्याचा!

आता ही चूक कशी झाली ते समजायला अमरावती-अकोला रस्त्यावर चला. समजा, हे अंतर १०० किलोमीटर आहे. वाटेत मैलाचा दगड दिसला, ‘अकोला ५८’. तुम्ही अमरावतीहून किती आलात हे दगड सांगत नाही, अकोला किती राहिलं तेवढंच सांगतो. एकूण अंतर १०० हे ठाऊक असेल, तर तुम्ही म्हणाल, ४२ किलोमीटर आलो. पण एखाद्याच्या डोक्यात एकूण अंतर ८५ असेल, तर तो त्याच दगडाकडे बघून म्हणेल, २७ आलो. दगड एकच, उत्तरं दोन!

ताईकडचा प्रोसेसर इंटेलचा कोअर टू ड्युओ, भाऊजींनी जुन्या बाजारातून आणलेला. त्याच्या आतला सेन्सर हुबेहूब या दगडासारखा आहे. ‘मी इतक्या अंशांवर आहे’ असं तो म्हणतच नाही. ‘माझी मर्यादा गाठायला अजून इतके अंश बाकी आहेत’ एवढंच सांगतो. मर्यादा किती हे प्रोग्रॅमनं स्वतः धरायचं आणि त्यातून वजाबाकी करायची. त्या जुन्या प्रोग्रॅमनं ८५ धरली होती. या प्रोसेसरला ती १०० हवी होती. झाली पंधरा अंशांची गफलत! त्यातून असा सेन्सर मुळात प्रोसेसरला जळण्यापासून वाचवायला बसवलेला असतो. मर्यादेच्या जवळ तो चांगला अचूक असतो, पण फार खाली, थंड असताना, त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

भाचीनं वहीत गणित मांडलं. सकाळी २७, म्हणजे खरे ४२. खोली ३६, प्रोसेसर ४२, आता कसं पटलं! आणि बंद पडण्याआधीचा ८३, म्हणजे खरे...

“मामा, ९८!”

मर्यादेला फक्त दोन अंश बाकी. त्या टोकाला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, म्हणून पानं उघडायला वेळ लागत होता. तरीही तापत गेलाच तर सरळ बंद पडतो. बिचारा जळत नव्हता, जळू नये म्हणून धडपडत होता.

असं आकड्यांचं कोडं फक्त जुन्याच कॉम्प्युटरांत असतं असं समजू नका. २०१७ साली एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर आले, तेव्हा त्यातले १७००एक्स आणि १८००एक्स हे दोन खऱ्यापेक्षा २० अंश जास्त आकडा सांगत. चुकून नव्हे, मुद्दाम! पंख्यांचं वेळापत्रक सगळ्या प्रोसेसरांना सारखंच चालावं म्हणून कंपनीनं ही भर घातली होती. ज्यांना ठाऊक नव्हतं ते मात्र घाबरले.

त्याच सकाळी भाऊजी मोबाइल घेऊन धावत आले. “कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात! नागपुरात काल ५६ डिग्री होते म्हणे!”

ही बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली. हे केंद्र अकोल्याच्याच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपुरातल्या शेतावरचं. आता जगातला आजवरचा सर्वांत जास्त तापमानाचा नोंदलेला विक्रम आहे ५६.७ अंश, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. नागपूर त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसलं!

“मग? खरं का हे?” भाऊजींनी विचारलं. उत्तर भाचीनं दिलं. “बाबा, बाजूच्या गावचे आकडे पाहा ना आधी!” पाहिले. त्याच दिवशी नागपूर जिल्ह्यातली दुसरी काही स्वयंचलित केंद्रं ४४ च्या आसपास सांगत होती. एकाच जिल्ह्यात बारा अंशांचा फरक? भारतीय हवामान खात्यानंही लगेचच खुलासा केला की, तो आकडा सेन्सरच्या बिघाडाचा आहे. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रानं ५२.९ दाखवले होते. तिथला सेन्सर तपासला, तेव्हा तो सुमारे तीन अंश जास्त सांगतोय असं आढळलं. म्हणजे नागपूरचा भाऊ आमचा १२७ आणि दिल्लीचा भाऊ आमचा २७!

आकड्यांचं कोडं सुटलं, पण कॉम्प्युटर अजून तापतच होता. भाऊजींनी वायर काढून कॅबिनेट उघडलं आणि आम्ही बघतच राहिलो. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. पंखा फिरत होता, पण त्याच्या आणि पात्यांच्या मध्ये कापसाची मऊमऊ गोधडी जमली होती! शेजारी गाद्यांचं दुकान, दिवसभर तिथे कापूस पिंजतात. बारीक तंतू खिडकीतून यायचे आणि पंखा ते इमानेइतबारे आत ओढायचा. मे महिन्यात प्रोसेसर गोधडी पांघरून बसला होता.

मऊ ब्रशनं सगळं साफ केलं. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, म्हणजे झटकताना तो वेडावाकडा गरगरत नाही. ठोकळ्याखालची थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती. ही पेस्ट प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यातल्या बारीक फटी भरून काढते. फटीत हवा राहिली तर उष्णता पुढे सरकत नाही. शे-दीडशे रुपयांची ट्यूब आणून तीही बदलली. हे काम मोठ्यांनीच करायचं बरं का, प्रोसेसरच्या आसपासचे भाग फार नाजूक असतात.

मधेच धाकट्यानं एक नामी कल्पना काढली. “मामा, कूलरच फिरवून देऊ कॉम्प्युटरकडे!” वऱ्हाडात घरोघरी कूलर. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून कूलरची हवा गार लागते. खोली गार झाली तर प्रोसेसरलाही बरंच. पण तोंड थेट कॅबिनेटकडे? मुळीच नको. त्या हवेत दमटपणा असतो, कधी बारीक तुषारही उडतात. आणि इथलं पाणी! अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, जमिनीखालचं पाणी खारट. कूलरच्या गवतावर पांढरी खपली जमते ना, ती त्यातल्या क्षारांची. तुषार उडाले तर तीच खपली मदरबोर्डवर! कूलर खिडकीतच राहू दिला.

दुपारी अडीचला परीक्षा. खोली ४०. ताईनं मुद्दाम मोठा फॉर्म काढला, फोटो चढवले, सही चढवली. जुन्या प्रोग्रॅमचा आकडा ५१ वर जाऊन थांबला. खरे ६६. खोलीपेक्षा २६ अंश जास्त. काल हाच फरक जवळजवळ ५८ होता!

हा फरकच मी भाचीला वहीत लिहून ठेवायला सांगितला. प्रोसेसरचं नुसतं तापमान पाहून फारसं कळत नाही, कारण खोली तापली की तोही तेवढाच तापतो. काम तेच असेल, पंखा नीट असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक मात्र साधारण तोच राहतो. तो वाढत चालला की समजायचं, आत पुन्हा गोधडी विणली जातेय. आणखी एक. काम सुरू करताच प्रोसेसरचा आकडा क्षणात ४५ वरून ६५ वर उडी मारतो, त्याला घाबरू नका. ती बारीकशी चिप आणि सेन्सर तिच्या पोटातच, तेव्हा फोडणीच्या पळीसारखी ती झटकन तापते आणि झटकन निवते. मदरबोर्डचा आकडा मात्र स्वयंपाकघरासारखा हळूहळू चढतो.

ताईनं त्या दिवशी रात्री नऊपर्यंत फॉर्म भरले. कंटाळून गेलेल्या दोघांपैकी एक परत आला.

डिसेंबरात भाचीचा फोन आला. या वेळी घाबरलेली नव्हती. “मामा, लिहून घ्या. खोली २३. प्रोसेसर ३४, म्हणजे ४९. फरक किती?”

“सव्वीस!”

“हाव! आन्‌ थो १२७ आहे ना, एवढ्या थंडीतही १२७ च आहे!”